त्यागाच्या गोष्टीत मागणारा कोण असतो?

सेलूची वाचक

सर्वांना नमस्कार. आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक लहानसे वाचन मंडळ भरते. पंधरा-सोळा सभासद येतात. त्यांत बहुतेक बायका, दोन निवृत्त शिक्षक आणि कधीमधी पुस्तक बदलायला येऊन बसून राहिलेला एखादा कॉलेजचा मुलगा. यंदा श्रावणासाठी आम्ही ‘त्यागाच्या गोष्टी’ हा विषय घेतला. पोथीपासून चित्रपटापर्यंत सामग्री हाताशी आहे, तेव्हा सगळ्यांना बोलता येईल, असा माझा हिशोब होता. सगळे बोलले, पण हिशोब चुकला.

पहिल्या बैठकीत शिवलीलामृताच्या चौदाव्या अध्यायातली श्रियाळ-चांगुणेची कथा वाचली. अतिथीच्या रूपाने दारी आलेला शंकर त्यांच्या मुलाचे, चिलयाचे, मांस मागतो, आईबाप ते देतात, आणि चांगुणेला तर डोळ्यांतून टिपूस न काढता मुलाचे शिर उखळात कांडावे लागते. शेवटी मूल परत मिळते. आमच्यातल्या निम्म्या जणींना ही कथा लहानपणापासून पाठ आहे. तरीही वाचून झाल्यावर कोणी बोलेना. मग सत्तरीच्या एक आजी, ज्या एरवी फक्त ऐकायला येतात, त्या म्हणाल्या, “देव परीक्षा बघतोय म्हनता, पर त्या लेकराला इचारलं व्हतं का कुनी?” एका शिक्षकांनी त्यांना सांगितले, की लोककथेत चिलयाला पळून जाण्याची संधी मिळते आणि तो ती नाकारतो. आजी म्हणाल्या, “आईबापाच्या भीतीनं लेकरू नाही म्हनतंय का, ते कसं कळावं?” पुढचा अर्धा तास त्या एकाच वाक्यावर गेला.

दुसऱ्या बैठकीला आम्ही ‘श्यामची आई’ हा आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट पाहिला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला चित्रपट. साने गुरुजींचे पुस्तक बहुतेकींनी शाळेत असताना वाचलेले होते. सगळ्या रडल्या, मीही रडले. पण घरी जाताना मला थोडे फसवल्यासारखे वाटत होते आणि ते का, हे मला नीट सांगता येत नाही. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ आला तेव्हा मी आईबरोबर यात्रेतल्या तंबूत तो पाहिला होता. आमच्या रांगेतल्या बायका एकमेकींचे पदर ओले करत होत्या आणि आई परतताना म्हणाली, की फार चांगला सिनेमा होता. गेल्या वर्षी टीव्हीवर तोच चित्रपट लागला तेव्हा मी पंधरा मिनिटांत उठले. चित्रपट तर तोच आहे. मग बदलले काय?

माझे विचारणे दोन गोष्टींसाठी आहे. पहिली, त्याग हा विषय असूनही ज्या पुस्तकाने किंवा चित्रपटाने आपल्याला फसवल्यासारखे वाटले नाही, अशी नावे सुचवावीत. मराठवाड्यातल्या माणसांची, इथल्या मातीची असली तर अधिक बरे. दुसरी, एक त्याग वाचून माणूस उंचावल्यासारखा वाटतो आणि दुसरा वाचून गळ्याला फास लागल्यासारखे होते, यातला फरक कुणी उलगडून सांगितला तर तिसऱ्या बैठकीत मला तोंड उघडता येईल. ‘काळ बदलला’ एवढेच उत्तर कृपया देऊ नये. ते मी स्वतःला दिलेले आहे आणि त्याने भागत नाही.

बिलोलीकर

ताई, तुमच्या आजींना माझा नमस्कार सांगा. चाळीस वर्षे मराठी शिकवूनही मला जो प्रश्न वर्गात विचारता आला नाही, तो त्यांनी एका वाक्यात विचारला.

एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. श्रावण शुद्ध षष्ठीला श्रियाळ षष्ठी असते आणि दुसऱ्याच दिवशी, सप्तमीला, शीतला सप्तमी, म्हणजे आपल्या बायकांची शिळा सप्तमी. या सप्तमीची कहाणी आठवून पाहा. राजाने तळे बांधले, काही केल्या पाणी लागेना. जळदेवतांनी सुनेचा वडील मुलगा बळी मागितला. राजाने विचार केला आणि सुनेला माहेरी पाठवून दिले. मग नातवाला न्हाऊ घातले, जेवू घातले, पलंगावर निजवले आणि तो पलंग तळ्यात ठेवला. तळे भरले. म्हणजे लागोपाठच्या दोन तिथींना आपल्याकडे मूल देऊन टाकल्याच्या दोन कथा सांगितल्या जातात, पण त्यांच्या घडणीत जमीनअस्मानाचे अंतर आहे. चांगुणेला निदान सांगितलेले असते. ती उखळापाशी उभी असते आणि जे घडते आहे ते तिला ठाऊक असते. सप्तमीच्या सुनेला काहीही ठाऊक नसते. तिला माहेरी धाडणे हीच त्या राजाची कबुली आहे, की विचारले असते तर ती ‘नाही’ म्हणाली असती. राजाने नातू दिला असे आपण म्हणतो खरे, पण त्याने दिले ते दुसरीचे.

त्यामुळे मी वर्गात दोन शब्द वेगळे ठेवायला सांगत असे. जो आपले देतो तो त्याग, आणि ज्यालाच देऊन टाकले जाते तो बळी. मराठीत आपण ‘बळी दिला’ आणि ‘बळी गेला’ असे दोन्ही प्रयोग करतो, पण ‘त्याग गेला’ असे कोणी म्हणत नाही. भाषेला हा फरक कळतो. घोटाळा होतो तो गोष्ट सांगणाऱ्याच्या हातून. बळी गेलेल्याच्या तोंडी तो त्यागाचे भाषण घालतो आणि ऐकणाऱ्याच्या मनातला मूळ प्रश्न पुसून टाकतो. (आपण शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणतो, त्याचा उगम निराळा आहे, तो दानशूर बळी राजाकडे जातो. पण अलीकडे वर्तमानपत्रात ते संबोधन वाचताना दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात आणि माझ्या अंगावर काटा येतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

पुस्तक म्हणाल तर इरावती कर्वे यांचे महाभारतावरचे ‘युगान्त’ घ्या. १९६७ चे आहे आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ग्रंथालयात असेलच. त्यातले भीष्मावरचे प्रकरण सर्वांना वाचायला लावा. लहानपणापासून आपण भीष्मप्रतिज्ञा म्हणजे त्यागाचे शिखर असे ऐकत आलो. बापाच्या सुखासाठी मुलाने राज्य आणि संसार दोन्ही सोडले, यापुढे बोलायचे काय? इरावतीबाई तिथून पुढे बोलायला लागतात. स्वतःसाठी काहीच मागायचे नाही, असे ठरवलेल्या माणसाला दुसऱ्यांसाठी मागताना मर्यादा राहत नाही, असे त्या दाखवतात. काशीच्या राजाच्या तीन मुली रथात घालून आणायच्या, कारण भावाला बायका हव्यात. गांधारीला आंधळ्याच्या गळ्यात बांधायची, कारण वंश चालायला हवा. स्वतःच्या लग्नासाठी हे करायला तो धजला नसता. अंबेचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे, पण भीष्माच्या त्यागाच्या खात्यावर ती कोणी मांडत नाही.

मला वाटते, तुम्हाला जो फास लागल्यासारखा वाटला तो इथला आहे. गोष्ट एका माणसाच्या त्यागाची असते आणि किंमत भलत्यानेच मोजलेली असते, शिवाय गोष्ट त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

याच्या उलट उदाहरण आमच्याच तालुक्यातले देतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४६ मध्ये अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. निजामाच्या राज्यात गावोगाव फिरून लोकांना जागे करणाऱ्या कार्यकर्त्याला पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना असे. ते फिरत राहिले. त्यांच्यावर कोणी पोथी लिहिली नाही, पण त्यांचे नाव घेताना गळ्याला काही आवळत नाही, कारण जे दिले ते त्यांचे होते आणि द्यायचे की नाही हे ठरवणारेही तेच होते. अनंत भालेराव यांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात त्या काळाचा सगळा पट आहे. मंडळाला आकाराने मोठा वाटेल, परंतु निवडक पाने वाचून दाखवता येतील.

तंबूतला प्रेक्षक

सरांचे म्हणणे मला मान्य आहे, पण सगळेच मान्य नाही. माझे वडील फिरत्या टॉकीजवर तिकिटे फाडत आणि मी सुट्टीत त्यांच्याबरोबर यात्रा फिरत असे. त्यामुळे ‘माहेरची साडी’ मी निदान तीस वेळा तरी पाहिला असेन, म्हणजे खरे तर पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांना पाहिले. तंबूत मध्ये दोरी असायची, एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. एरवी सासरी ज्या बाईला मोठ्याने श्वास घ्यायची चोरी, ती त्या अंधारात हुंदके देऊन रडत असे आणि तिला कोणी ‘का रडतेस’ असे विचारत नसे. तिच्या शेजारणीही रडत असत. पडद्यावरची सून सोसते म्हणून त्या रडत होत्या, असे मला वाटत नाही. त्या आपापल्या घरच्यासाठी रडत होत्या आणि चित्रपटाने फक्त निमित्त दिले होते. ताई, तुमच्या आईने ‘फार चांगला सिनेमा’ असे म्हटले ते बहुधा याच अर्थाने. तुमच्या वाट्याला तसे दिवस आले नसतील तर तुम्ही पंधरा मिनिटांत उठणारच.

दुसरे म्हणजे, जुन्या कथांना मूल परत आणायची सवय आहे, तिला नुसती सोय समजू नये. चिलया परत येतो, तळ्यातला नातू परत येतो. सप्तमीच्या कहाणीत तर ती सून स्वतःच्या हाताने मूल परत मिळवते. माहेराहून येताना ती त्या भरलेल्या तळ्याची पूजा करते आणि आपल्या वंशातले कोणी पाण्यात बुडाले असेल तर ते परत मिळो, असे मागून वाण सोडते. मागे वळून पाहते तो तिचेच लेकरू तिचे पाय ओढत असते. तिला कोणी काही सांगितलेले नाही आणि तरी ती नेमके तेच मागते! ही कहाणी रचणारी कोणी बाईच असणार, आणि राजाने काय केले हे तिला पुरते ठाऊक होते. सून येताना पाहून राजा घाबरतो, हेही तिने कहाणीतून गाळलेले नाही.

तेव्हा जुन्या गोष्टींना आंधळे म्हणण्याआधी त्या सावकाश वाचाव्यात, इतकेच.

बिलोलीकर

राजा घाबरतो हे मी विसरलो होतो. मान्य. त्या एका गोष्टीवरून माझे निम्मे म्हणणे मागे घेतो. उरलेले निम्मे भीष्माच्या बाबतीत कायम आहे.

हंगामी मास्तर

मी बीड जिल्ह्यात शिकवतो. आमच्या भागातली निम्मी घरे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि गावात म्हातारी माणसे व शाळेची मुले उरतात. मुलांनी फडावर जाऊ नये म्हणून सहा महिने हंगामी वसतिगृह चालते. तिथे संध्याकाळी मी वाचून दाखवतो. या चर्चेत पुस्तकांपेक्षा ती मुले जास्त उपयोगी पडतील असे वाटल्याने लिहीत आहे.

‘श्यामची आई’ मी दरवर्षी घेतो. आईने काय काय सोसले ते वाचताना मुले शांत असतात, पण ती शांतता भारावलेली नसते, कारण तसले सोसणे त्यांच्या घरात रोजचे आहे. त्यांना सर्वांत आवडते ती श्यामने धाकट्या भावासाठी कोट शिवून नेल्याची गोष्ट. दापोलीला शिकत असताना खाऊचे पैसे साठवून श्याम गणपतीच्या सणाला भावासाठी कोट शिवून घेतो आणि पावसापाण्यातून घरी नेतो. या वसतिगृहात आठवी-नववीच्या मुली धाकट्या भावंडांची वेणीफणी करतात, ताटातली पोळी त्यांच्या ताटात सरकवतात. त्यामुळे ही गोष्ट त्यांना ओळखीची वाटते.

दोन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाने गोष्ट संपताच हात वर केला आणि म्हणाला, “सर, श्यामला खाऊला पैसे मिळत व्हते, म्हणून त्याला साठवता आले ना?” मी हो म्हणालो. तो म्हणाला, “मंग ज्याला खाऊलाच मिळत न्हाईत त्यानं काय सोडायचं?” वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढची गोष्ट वाचू लागलो. रात्री झोप येईना.

बिलोलीकर सरांनी ‘आपले देतो तो त्याग’ असे म्हटले आहे, त्याला या मुलाने एक पाय जोडला आहे. देण्याआधी ते आपल्याजवळ असावे लागते आणि ते ठेवून घेणे शक्य असावे लागते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असा हिशोब असतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात ती कोयत्यावर, बाईच्या नावावर स्वतंत्र काही नसते. दोघांपैकी एक जण आजारी पडला तरी कोयता बंद पडतो आणि खाडा, म्हणजे बुडालेल्या दिवसाचा दंड, अंगावर येतो. आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा बाहेरून आलेल्या काही पाहुण्यांनी शाळेत भाषणे केली. त्यांतल्या एका भल्या माणसाने या ‘माउल्यांच्या त्यागा’बद्दल डोळ्यांत पाणी आणून सांगितले. समोरच्या रांगेत त्या माउल्यांची मुले बसली होती. त्या माणसाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण पाळी आली तर खाडा पडतो, म्हणून जिने शरीराचा भाग काढून टाकला, तिने काय सोडले आणि कशासाठी, याला त्याग म्हटले की मुकादम, उचल, कारखाना हे सगळे गोष्टीतून आपोआप बाहेर जातात. उरते ती एकटी आई आणि तिचा मोठेपणा.

म्हणून नाव सुचवायचे तर रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ सुचवतो. १९७१ ची कादंबरी, गावातल्या एका शिंप्याच्या घराची, त्याच्या बायकोच्या तोंडून सांगितलेली, आपल्या मराठवाड्याच्या बोलीत. घर मोडत जाते आणि ती बाई ते सावरत राहते; पण तिला कोणी देव्हाऱ्यात बसवत नाही, कारण सांगणारी तीच आहे आणि तिला स्वतःचा मोठेपणा सांगायला फुरसत नाही. मला वाटते, त्यागाची गोष्ट कोण सांगतो यावर पुष्कळ काही ठरते. ‘श्यामची आई’ हे मुलाने सांगितलेले पुस्तक आहे. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून, आई गेल्यावर कित्येक वर्षांनी. त्यात कृतज्ञता आहे आणि ती खरी आहे, म्हणून ते टिकले. पण तेच आईने लिहिले असते तर काय लिहिले असते, असा प्रश्न मंडळात विचारून पाहावा.

गोदाकाठ

उशिरा लिहितो आहे. मराठवाड्यातल्या त्यागाच्या गोष्टींची यादी करायची आणि आपेगाव राहून जायचे, हे बरे नव्हे.

ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांची, विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंची, कथा सर्वांना ठाऊक आहे, पण ती क्रमाने लावून पाहू. परंपरा सांगते ती अशी : विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यास घेतात. संन्यास म्हणजे सर्वसंगपरित्याग, त्यागातला सर्वांत मोठा. आणि त्या त्यागात आळंदीला मागे राहिलेली बायको सोडली जाते, तिला न सांगता. गुरूला खरे कळल्यावर तो त्यांना परत संसारात धाडतो. संन्याशाची मुले म्हणून चारही लेकरे वाळीत पडतात. तेव्हा ब्रह्मवृंद देहान्त प्रायश्चित्त सांगतो आणि मुलांना समाजात जागा मिळावी म्हणून आईबाप जाऊन पाण्यात देह सोडतात. यापुढचा भाग कीर्तनात भरभर सांगून टाकतात. एवढे होऊनही मुलांना जागा मिळत नाही. त्यांना शुद्धिपत्रासाठी पैठणला यावे लागते आणि तिथे पुन्हा परीक्षा, रेड्यामुखी वेद वगैरे.

म्हणजे दोन जिवांची किंमत घेऊनही मागणाऱ्यांनी सौदा पाळला नाही. लहानपणी मी प्रभातचा १९४० चा ‘संत ज्ञानेश्वर’ गावात पडदा लावून पाहिला, तेव्हा आईबाप लेकरांना सोडून निघतात तिथे सगळे गाव रडले होते. माझे आजोबा तेवढे रडले नाहीत. ते मोठ्याने म्हणाले, “अन् ज्यानं सांगितलं, त्यो कुठं हाय?” पुढच्या रांगेतल्या लोकांनी त्यांना गप्प केले. सेलूच्या आजींचा प्रश्न वाचताना मला आजोबा आठवले.

त्यांच्या तोंडून तो प्रश्न निघायला कारण होते. आमचे जुने गाव गोदेवरच्या एका धरणात गेले. माझा जन्म नव्या वस्तीतला, पत्र्याच्या घरातला. दुष्काळात पाणी उतरले की जुन्या गावाच्या जोत्यांचे दगड उघडे पडतात, देवळाचा ओटा दिसतो आणि म्हातारी माणसे बोट करून कोणाचे घर कुठे होते ते सांगतात. लहानपणी दर कार्यक्रमात कोणी ना कोणी पुढारी सांगायचे, की तुमच्या त्यागामुळे खालची हजारो एकर जमीन भिजली. जमीन भिजली, हे खोटे नाही आणि त्याचा आम्हाला रागही नाही. पण आमच्या लोकांनी गाव दिले नव्हते, गाव घेतले होते, आणि मोबदल्याच्या कागदावर अंगठा उठवताना कोणी ‘तुमची मर्जी आहे का’ असे विचारले नव्हते. सप्तमीच्या कहाणीतले तळे आमच्याकडे भरलेले आहे. फक्त मागे वळल्यावर पाय ओढणारे कोणी नाही.

चित्रपट सुचवायचा तर ‘मदर इंडिया’ पाहा, १९५७ चा. लोक त्याला आईच्या त्यागाचा चित्रपट म्हणतात, कारण शेवटी राधा गावच्या लेकीच्या अब्रूसाठी आपल्याच मुलाला गोळी घालते. पण त्याची सुरुवात आणि शेवट आठवा. गावात कालवा आला आहे आणि त्याचे उद्घाटन करायला म्हाताऱ्या राधेला ओढून आणले आहे. सगळी गोष्ट ती तिथे उभ्या उभ्या आठवते. शेवटी कालव्याचे दार उघडते आणि वाहणारे पाणी लाल दिसू लागते. मेहबूब खान यांनी ते पाणी पुन्हा निळे केले की नाही, यावर आमच्याकडे मोठे वाद होत असत. मला तो लाल रंग महत्त्वाचा वाटतो. ज्यांची शेते भिजणार आहेत ते हार घेऊन उभे आहेत, आणि पाण्यात काय मिसळले आहे ते एकटी तिला दिसते.

आणखी एक, प्रभातचाच. ‘संत तुकाराम’, १९३६. तुकोबा सगळे वाटून टाकतात आणि घरात पोरे उपाशी. त्यात त्यांची बायको आवली आहे. मूल तापाने फणफणलेले असताना ती पायातली वहाण उपसून विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. चित्रपट तुकोबांना संत म्हणतो आणि त्याच वेळी आवलीलाही खरी ठरवतो. नव्वद वर्षांपूर्वी दामले आणि फत्तेलाल यांना हे जमले होते, तेव्हा ‘काळ बदलला’ हे उत्तर ताईंना पुरले नाही ते बरोबरच आहे.

तंबूतला प्रेक्षक

आवलीच्या त्या प्रसंगाला बायकांच्या बाजूने शिट्ट्या पडायच्या, असे वडील सांगत. शिट्ट्या, हे लक्षात घ्या, रडणे नव्हे.

सेलूची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. कालच तिसरी बैठक झाली, तिचा वृत्तान्त देते.

सुरुवातीला सप्तमीची कहाणी मोठ्याने वाचली. सुनेला माहेरी पाठवतात त्या ठिकाणी मी मुद्दाम थांबले आणि काही न बोलता दोन क्षण तशीच बसले. आमच्यातल्या एका नव्या सुनेने, जिने आजवर तोंड उघडले नव्हते, हळूच विचारले, “तिला काय सांगून पाठवलं असंल?” त्यावर प्रत्येकीने आपापले उत्तर दिले : आई आजारी आहे म्हणून, भावाचे लग्न ठरले म्हणून, चार दिवस आराम कर म्हणून. उत्तरे इतक्या पटापट आली, की निवृत्त शिक्षक गोरेमोरे झाले.

‘युगान्त’ आमच्या ग्रंथालयात निघाले, पण त्याची बांधणी सुटली आहे आणि भीष्माच्या प्रकरणातली चार पाने गायब आहेत. कोणाकडे प्रत असेल तर त्या पानांची छायाप्रत पाठवावी, टपालखर्च मंडळ देईल. ‘पाचोळा’ची एकच प्रत होती, ती आजींच्या नातीने नेली, रात्री ती आजींना वाचून दाखवते आहे आणि आजी मधेमधे तिची बोली दुरुस्त करतात, असे कळले.

हंगामी मास्तरांचा प्रश्न मी विचारला, की हे पुस्तक आईने लिहिले असते तर काय लिहिले असते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक बाई म्हणाल्या, “तिला लिहायला वेळ कधी मिळाला असता, आधी ते सांगा.” मास्तर, कोटाचे प्रकरण पुढच्या खेपेला घेणार आहोत. तुमच्या त्या सातवीतल्या मुलाचा प्रश्नही त्यासोबत वाचून दाखवला तर चालेल का? त्याचे नाव घेणार नाही. तो आता नववीत असेल, नाही का? त्याला विचारून कळवाल तर बरे होईल.